वायर, वायफाय, सिरियल आणि सिम: वेगवेगळी जाळी एका आयपी नेटवर्कात कशी गुंफावीत

‘हे दोन नेटवर्क ब्रिज करायचेत’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांना खरं तर राउटर हवा असतो. हा फरक सुरुवातीलाच पक्का केला नाही तर पुढचे दोन दिवस ‘पिंग जातं पण पान उघडत नाही’ यातच जातात (पिंग म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतं का हे पाहणारा छोटा निरोप).

ब्रिज फ्रेम, म्हणजे त्या माध्यमावरून जाणारं डेटाचं वेष्टन, उचलतो आणि जशीच्या तशी पलीकडच्या वायरीवर ठेवतो. आयपी पत्त्याशी त्याला देणंघेणं नसतं, ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता, तेवढा तो वाचतो. राउटर फ्रेम फोडतो, आतलं पॅकेट बाहेर काढतो आणि पलीकडच्या माध्यमाला साजेल अशा नव्या फ्रेममध्ये घालतो. गेटवे आणखी आत जातो. पॅकेटमधला मजकूर वाचून तो दुसऱ्या भाषेत पुन्हा सांगतो. यावरून नियम सरळ निघतो: दोन्ही बाजूंची फ्रेम एकाच जातीची असेल तरच ब्रिज, फ्रेम वेगळी पण दोन्हीकडे आयपी असेल तर राउटर, आणि एका बाजूला आयपीच नसेल तर गेटवे.

ईथरनेट (आजचं नेहमीचं वायर्ड नेटवर्क) आणि टोकन रिंग (त्याचा जुना प्रतिस्पर्धी) ब्रिजने जोडण्याचा खटाटोप एकेकाळी खूप झाला. दोन्हींचे मॅक पत्ते ४८ बिटांचेच, पण प्रत्येक बाइटमधले बिट वायरीवर उलट्या क्रमाने जायचे. ब्रिजने फ्रेमच्या डोक्यावरचा पत्ता उलटवला तरी एआरपीच्या (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणाऱ्या निरोपाच्या) पोटातला पत्ता तसाच राहायचा आणि उत्तर भलतीकडे जायचं. एफडीडीआय या फायबरवरच्या जुन्या नेटवर्कवर तर ४३५२ बाइटांचं पॅकेट चालायचं, ईथरनेटवर १५००. शुद्ध ब्रिज पॅकेटचे तुकडे करत नाही, तो ते टाकून देतो. याउलट २२ नोव्हेंबर १९७७ला आर्पानेट, पॅकेट रेडिओ आणि उपग्रहावरचं सॅटनेट ही तीन जाळी जोडून दाखवली गेली, तेव्हा एकाची फ्रेम दुसऱ्यात कोणी ढकलली नाही. मधल्या यंत्रांनी प्रत्येक सीमेवर नवं वेष्टन चढवलं. त्या काळी या यंत्रांना गेटवे म्हणत. आज आपण त्यांनाच राउटर म्हणतो.

आधी कागदावर पत्ते

आपण मधोमध एक लहान लिनक्स यंत्र धरू. त्याला वायर्ड नेटवर्क, वायफायने जोडलेली पलीकडची इमारत, सिरियल पोर्टवरचं एक जुनं यंत्र, आरएस-४८५वरचे (एका तारेवर अनेक यंत्रं जोडणारं सिरियल माध्यम) मीटर, थ्रेडवरचे (कमी विजेचं रेडिओ जाळं) सेन्सर आणि सिमकार्डाचा मोडेम असं सगळं जोडायचं आहे.

पत्त्यांसाठी १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊ नका. बाजारातल्या असंख्य राउटरांवर कारखान्यातूनच तेच पत्ते असतात आणि उद्या बोगद्यातून (इंटरनेटवरून काढलेल्या खासगी जोडणीतून) दुसरं नेटवर्क जोडताना टक्कर होते. १०.२०.०.०/१६ (/१६ म्हणजे पत्त्याचे पहिले १६ बिट ठरलेले) असा एक मोठा तुकडा धरा आणि त्यातून वाटप करा: वायर्ड भागाला १०.२०.१.०/२४, पलीकडच्या इमारतीला १०.२०.२.०/२४, सिरियल जोडणीला १०.२०.९.०/३०, बोगद्याला १०.२०.२५०.०/२४. फायदा असा की बाहेरच्या कुठल्याही राउटरला ‘१०.२०.०.०/१६ इकडे’ एवढा एकच मार्ग सांगितला की भागतं. थ्रेडसाठी आयपीव्ही६ लागणारच, म्हणून यूएलएचा (आयपीव्ही६च्या खासगी पत्त्यांचा) एक /४८ तुकडाही आजच ठरवा आणि आयपीव्ही६ चालवायच्या प्रत्येक भागाला त्यातला एक /६४ द्या.

मग मधल्या यंत्राच्या कर्नलमध्ये आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्हींचं फॉरवर्डिंग (एका इंटरफेसवर आलेलं पॅकेट दुसऱ्यावरून पुढे पाठवणं) १ करा आणि ते सेटिंग सिसकंट्रोलच्या (sysctl, कर्नलची सेटिंगं) फाइलमध्ये लिहा. नुसत्या कमांडने केलेला बदल रीबूटनंतर उरत नाही. आयपीव्ही६चं फॉरवर्डिंग चालू झालं की लिनक्स स्वतः राउटरच्या जाहिराती (वाट सांगणारे निरोप, ‘आरए’) ऐकणं थांबवतं. ज्या इंटरफेसवर त्या ऐकायच्या असतील तिथे ‘ॲक्सेप्ट आरए’ची किंमत २ ठेवावी लागते. हे विसरलं की संध्याकाळपर्यंत चाललेलं आयपीव्ही६ सकाळी गायब झालेलं दिसतं, कारण आधीच्या मार्गाची मुदत तोवर संपलेली असते.

जिथे ब्रिज खरोखर चालतो

ईथरनेटचे दोन पोर्ट, फायबरचा मीडिया कन्व्हर्टर, विजेच्या तारांवरून चालणारे पॉवरलाइन ॲडॉप्टर: या सगळ्यांतून ईथरनेटचीच फ्रेम जाते. ब्लूटूथचं पॅन प्रोफाइलही ईथरनेटचं सोंग घेतं, म्हणून तेही ब्रिजमध्ये बसतं. लिनक्सवर ब्रिज इंटरफेस बनवा, दोन्ही पोर्ट त्यात घाला, आणि आयपी पत्ता ब्रिजला द्या. पोर्टवर जुना पत्ता राहिला असेल तर काढा. ब्रिजचा मॅक पत्ताही हाताने ठरवून टाका. नाहीतर तो जोडलेल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान पत्ता उचलतो, नवा पोर्ट आला की बदलतो, आणि डीएचसीपीला (आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेला) वाटतं की नवंच यंत्र आलं.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला वेटोळ्याचा. पॉवरलाइनची जोडी आणि वायफायचा ब्रिज दोन्ही त्याच दोन खोल्यांना जोडत असतील तर फ्रेम गोल फिरत राहते. आयपी पॅकेटला टीटीएल (दर राउटरला एकने घटणारा आकडा, शून्य झाला की पॅकेट टाकलं जातं) असतो, ईथरनेटच्या फ्रेमला नसतो, त्यामुळे एक ब्रॉडकास्ट काही सेकंदांत सगळं नेटवर्क गुदमरवतं. ब्रिजवर एसटीपी (वेटोळं ओळखून एक वाट बंद करणारी पद्धत) चालू ठेवा. मूळ एसटीपीत पोर्ट जोडल्यावर साधारण ३० सेकंद काहीच जात नाही (ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५), त्यामुळे डीएचसीपी तेवढ्यात थकून गेला तर घाबरू नका.

दुसरा खड्डा डॉकरचा (प्रोग्राम कंटेनरांत, म्हणजे वेगळ्या कप्प्यांत, चालवणारं साधन). त्याच यंत्रावर डॉकर असेल तर ब्रिजवरून जाणाऱ्या फ्रेमही फायरवॉलमधून जायला लागू शकतात, आणि डॉकरने फॉरवर्ड साखळीचं (पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या नियमांचं) धोरण ‘ड्रॉप’ केलेलं असतं. एआरपी ये-जा करतो, पिंग मात्र मरतं. असं दिसलं की ब्रिज-नेटफिल्टरचं सेटिंग ० करून पाहा. कंटेनरांच्या नेटवर्किंगला ते लागत असेल तर फॉरवर्ड साखळीत आपल्या ब्रिजला वाट द्या.

वायफाय: ईथरनेटसारखं दिसतं, तसं नसतं

लिनक्सवर वायफायच्या क्लायंट इंटरफेसला ब्रिजमध्ये घालायला गेलं की ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ असं उत्तर मिळतं. हा ड्रायव्हरचा हट्ट नाही. साध्या वायफाय फ्रेममध्ये तीन पत्ते असतात: पाठवणारा क्लायंट, ॲक्सेस पॉइंट आणि अंतिम मुक्काम. ‘क्लायंटच्या पाठीमागचा तिसरा कोणी’ लिहायला जागाच नाही. शिवाय ज्याने जोडणी करून घेतलेली नाही अशा मॅक पत्त्याची फ्रेम ॲक्सेस पॉइंट टाकून देतो.

उपाय तीन. पहिला चार पत्त्यांचा मोड, ज्याला बहुतेक ठिकाणी डब्ल्यूडीएस म्हणतात. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या फर्मवेअरवर एका टोकाला ‘ॲक्सेस पॉइंट, डब्ल्यूडीएस’ आणि दुसऱ्या टोकाला ‘क्लायंट, डब्ल्यूडीएस’ निवडायचं. साध्या लिनक्सवर होस्टएपीडीत (लिनक्सला ॲक्सेस पॉइंट बनवणारा प्रोग्राम) डब्ल्यूडीएस क्लायंटांना परवानगी द्यायची, आणि क्लायंट बाजूला ‘आयडब्ल्यू’ कमांडने चार पत्त्यांचा मोड चालू करून मगच इंटरफेस ब्रिजमध्ये घालायचा. क्रम उलटा केला तर वरचाच नकार मिळतो. दोन्ही टोकांचं फर्मवेअर शक्यतो एकच ठेवा. वायफायच्या मानकाने चार पत्त्यांच्या फ्रेमची रचना सांगितली, पण ती कशी वापरायची ते पुरतं बांधून दिलं नाही, त्यामुळे दोन कंपन्यांचे डब्ल्यूडीएस एकमेकांशी बोलतीलच असं नाही.

दुसरा उपाय वेगळ्या सबनेटचा (पत्त्यांच्या वेगळ्या तुकड्याचा), आणि पलीकडे चार-पाचपेक्षा जास्त यंत्रं असतील तर तोच घ्या. पलीकडचा राउटर वायफायने १०.२०.१.२ या पत्त्यावर जोडला जातो आणि त्याच्या मागे १०.२०.२.०/२४ राहतं. मधल्या यंत्रावर ‘१०.२०.२.०/२४ हे १०.२०.१.२ मार्गे’ असा मार्ग टाका, आणि पलीकडच्या राउटरवरचं एनएटी (आतले पत्ते लपवून स्वतःचा पत्ता लावणं) बंद करा. वायफायवर ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट सर्वांत हळू वेगांपैकी एकावर जातात. ब्रिज केलात तर वायर्ड बाजूची सगळी बडबड हवेतून रांगत जाते. राउट केलात तर ती सीमेवरच थांबते.

तिसरा म्हणजे स्वस्त रिपीटर करतात तो मॅक बदलण्याचा डाव. मागच्या सगळ्या यंत्रांच्या फ्रेमवर रिपीटर स्वतःचाच मॅक पत्ता लावतो. ओळखायचं कसं? एआरपीच्या तक्त्यात पाच आयपी पत्त्यांसमोर एकच मॅक दिसतो. काही यंत्रांना डीएचसीपी मिळत नाही, आयपीव्ही६ तर बऱ्याचदा चालतच नाही. तात्पुरतं चालवून घ्या, पण त्यावर काही उभारू नका.

सबनेट वेगळे केल्यावर एक तक्रार नक्की येते: ‘प्रिंटर दिसेनासा झाला.’ तो एमडीएनएसने (त्याच नेटवर्कातलं यंत्र नावाने शोधण्याच्या पद्धतीने) सापडत होता. ती पॅकेटं २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर जातात आणि राउटर ती ओलांडू देत नाही. मधल्या यंत्रावर अवाही (एमडीएनएसचा लिनक्सवरचा प्रोग्राम) बसवून त्याचा रिफ्लेक्टर चालू करा आणि ज्या दोन इंटरफेसांमध्ये हवा त्यांचीच नावं लिहा. थ्रेडच्या किंवा सिमच्या बाजूला ही बडबड सोडू नका.

सिरियल पोर्टवर आयपी

जुन्या यंत्राला फक्त सिरियल पोर्ट आहे, पण आत आयपी समजणारी प्रणाली आहे, तर पीपीपी (सिरियलवरून आयपी नेणारी पद्धत) वापरा. स्लिप त्याहून जुनी आणि सोपी, पण तिला चुका ओळखता येत नाहीत आणि पत्तेही ठरवता येत नाहीत.

केबल नल-मोडेम हवी, म्हणजे पाठवणं-घेणं उलटसुलट जोडलेली. केबलमध्ये तीनच तारा असतील तर पीपीपीडीला हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद ठेवायला सांगा. दोन्ही टोकांना एकच वेग, ११५२००. पर्यायांमध्ये ‘लोकल’, ‘लॉक’, ‘पर्सिस्ट’ आणि पत्त्यांची जोडी १०.२०.९.१:१०.२०.९.२ द्या. दोघांमधली केबल सुरक्षित जागी असेल तर ‘नोऑथ’ही. लॉगमध्ये ‘सिरियल लाइन इज लूप्ड बॅक’ आलं तर केबल तपासण्याआधी पलीकडे लॉगिन प्रॉम्प्ट चालू आहे का ते पाहा. गेटी हा प्रोग्राम आलेली अक्षरं परत फेकतो आणि पीपीपीला वाटतं आपण आरशाशी बोलतोय.

इथे एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप) १५०० ठेवू नका. सिरियलवर एक बाइट म्हणजे १० बिट. १५०० बाइटांना ११५२०० वेगावर १३० मिलिसेकंद लागतात. फाइल जात असताना टर्मिनलवर दाबलेलं प्रत्येक अक्षर तेवढा वेळ रांगेत थांबतं. ५७६ ठेवलं की हाच वेळ ५० मिलिसेकंदांवर येतो. ९६०० वेगावर तेच १५०० बाइट दीड सेकंदाहून जास्त घेतात, तिथे २९६ ठेवा.

आरएस-४८५ आणि मॉडबस: इथे गेटवेच

मीटरांच्या तारेवर आयपी नाही आणि येणारही नाही. मॉडबस आरटीयूची (मीटरांच्या सिरियल भाषेतली) विनंती मॉडबस टीसीपीत (तिच्याच आयपीवरच्या रूपात) बदलणारा गेटवे घ्या; टीसीपी बाजूला पोर्ट ५०२. तारेच्या फक्त दोन टोकांना १२० ओमचा रोध लावा, मधल्या कुठल्याही मीटरला नाही. ए आणि बी या खुणा उत्पादकांनी एकमेकांच्या उलट लावलेल्या असतात. काहीच उत्तर येत नसेल तर आधी या दोन तारा अदलाबदल करून पाहा. त्याने काही जळत नाही.

गेटवेचा मोड नीट निवडा. ‘पारदर्शक टीसीपी’ मोडमध्ये आरटीयूची फ्रेम सीआरसीसकट (चूक तपासणाऱ्या बाइटांसकट) तशीच जाते, तर खऱ्या मॉडबस टीसीपीत सीआरसी नसतो आणि पुढे ७ बाइटांचं शीर्षक असतं. चुकीचा मोड असला तरी कनेक्शन लागतं, उत्तर मात्र कधीच येत नाही, आणि माणूस तारा तपासत बसतो. अपवाद (त्रुटीचा संकेत) क्रमांक ११ आला तर उलट आनंद माना: गेटवेपर्यंत सगळं ठीक आहे, मागचा मीटर गप्प आहे. बॉड रेट, पॅरिटी आणि युनिट क्रमांक पाहा.

वेळेचं गणित आधी करा. ९६०० वेग, इव्हन पॅरिटी म्हणजे अक्षराला ११ बिट. दहा रजिस्टर वाचायला विनंती ८ बाइट, उत्तर २५ बाइट, मिळून ३८ मिलिसेकंद. दोन फ्रेमांच्या मधली साडेतीन अक्षरांची शांतता दोनदा, म्हणजे आणखी ८. मीटरने विचार करायला २० घेतले असं धरलं तर एका मीटरला ६६ मिलिसेकंद आणि २० मीटरांना १.३ सेकंद. दर सेकंदाला सगळे वाचायचे म्हणाल तर ते होणार नाही, नेटवर्क कितीही वेगवान असो. तारेवर एका वेळी एकच विनंती चालते. दोन प्रोग्राम एकाच गेटवेला विचारत असतील तर दुसरा रांगेत उभा राहतो, म्हणून त्यांचा टाइमआउट पूर्ण फेरीपेक्षा मोठा ठेवा.

थ्रेडचे सेन्सर

थ्रेडवर आयपीव्ही६ चालतं, म्हणून इथे राउटर पुरतो, त्याला बॉर्डर राउटर म्हणतात. (झिगबी या दुसऱ्या सेन्सर-जाळ्याचा रेडिओ तोच, पण वर आयपी नाही, तिथे गेटवे लागतो.) रेडिओची फ्रेम जेमतेम १२७ बाइटांची आणि आयपीव्ही६ला किमान १२८० बाइटांचा एमटीयू हवा, म्हणून मध्ये सिक्सलोपॅन नावाचा थर शीर्षकं दाबतो आणि पॅकेटचे तुकडे करतो. १२८० बाइटांच्या पॅकेटचे चौदाएक तुकडे होतात, आणि एक हरवला तर सगळं पॅकेट वाया. शंभरातला एक तुकडा हरवत असेल तर असं मोठं पॅकेट शंभरातली तेरा वेळा बुडतं. सेन्सरशी बोलताना पॅकेट लहान ठेवा. एकाच फ्रेममध्ये मावलं तर उत्तम.

बॉर्डर राउटर आपल्या /६४ची वाट राउटर जाहिरातीतून सांगतो. लिनक्सवर ती वाट घेण्यासाठी ‘आरए’मधल्या मार्गांची कमाल प्रीफिक्स लांबी ६४ करावी लागते, ती ० असेल तर फोनवरून सेन्सर दिसतो आणि लिनक्सवरून दिसत नाही. रेडिओचा चॅनेल वायफायपासून दूर ठेवा. वायफाय १, ६, ११वर असेल तर थ्रेडचे २५ आणि २६ हे चॅनेल त्या सगळ्यांच्या पलीकडे पडतात.

सिमचा मोडेम

मोबाइल मोडेमच्या बाजूला ईथरनेटची फ्रेमच नसते, कच्चं आयपी येतं. त्याला ब्रिजमध्ये घालायचा प्रयत्न सोडा. मिळालेला पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ यातला असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक एनएटीमागे आहात आणि बाहेरून आत येता येणार नाही. सार्वजनिक पत्ता असलेल्या एखाद्या सर्व्हरकडे आतून वायरगार्डचा (कूटबद्ध जोडणी करणाऱ्या साधनाचा) बोगदा काढा, कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवणारं पॅकेट) दर २५ सेकंदांनी. सर्व्हरच्या बाजूला या जोडीदाराच्या ‘अलाउड आयपी’त १०.२०.०.०/१६ लिहा, फक्त बोगद्याचा पत्ता लिहिला तर मधलं यंत्र दिसतं, मागचं काहीच दिसत नाही.

सिम पर्यायी मार्ग म्हणून असेल तर त्याच्या डीफॉल्ट मार्गाचा मेट्रिक (ज्याचा लहान तो मार्ग आधी वापरला जातो) मोठा ठेवा. नेटवर्कमॅनेजर आपणहून ईथरनेटला १०० आणि मोबाइलला ७०० देतो. पण केबल लागलेली आणि पलीकडचं इंटरनेट मेलेलं, ही अवस्था मेट्रिकला कळत नाही. बाहेरच्या पत्त्याला ठरावीक वेळाने पिंग करून मार्ग बदलणारी काहीतरी सोय हवी. दोन वाटा असताना आरपी-फिल्टर (पॅकेट योग्य वाटेने आलं का ते पाहणारं सेटिंग) १वर असेल तर एका वाटेने आलेली पॅकेटं गुपचूप टाकली जातात. २ ठेवा.

परतीची वाट आणि पॅकेटचं माप

सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या चुका या दोन.

मुख्य राउटर आणि आपलं मधलं यंत्र दोघंही १०.२०.१.०/२४मध्येच असतील तर संगणक सिरियलच्या यंत्राकडे निघालेलं पॅकेट आधी मुख्य राउटरला देतो, तो मधल्या यंत्राला. उत्तर मात्र मधलं यंत्र थेट संगणकाला देतं. मुख्य राउटरच्या फायरवॉलला संभाषणाची एकच बाजू दिसते आणि टीसीपी तुटतं. पिंग मात्र मजेत चालतं. उपाय: दोघांमध्ये वेगळा /३० ठेवा, किंवा डीएचसीपीच्या १२१ क्रमांकाच्या पर्यायातून संगणकांना थेट मार्ग द्या. दुसरा निवडलात तर डीफॉल्ट मार्गही त्याच १२१मध्ये पुन्हा लिहा, कारण तो पर्याय मिळाला की क्लायंट नेहमीचा ३ क्रमांकाचा गेटवे वाचतच नाही. हे विसरलात की सगळ्यांचं इंटरनेट एकदम जातं.

आता माप. ईथरनेट १५००, पीपीपीओई (ब्रॉडबँडची जोडणी) १४९२, जीआरई (साधा बोगदा) १४७६, वायरगार्ड साधारण १४२०, आपली सिरियल ५७६. राउटर ‘पॅकेट मोठं आहे’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप पाठवतो. कोणी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलं असेल तर तो पोहोचत नाही. मग एसएसएचचं (दूरच्या यंत्रावरचं) लॉगिन होतं आणि लांब यादी मागितली की पडदा गोठतो. आयपीव्ही४मध्ये टाइप ३ कोड ४ आणि आयपीव्ही६मध्ये टाइप २ कधीही अडवू नका. जोडीला फायरवॉलमध्ये टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाचं कमाल माप) मार्गाच्या मापाला बांधा. तो नियम फॉरवर्ड साखळीत हवा, इनपुटमध्ये टाकून उपयोग नाही.

तपासणी टोकाकडून टोकाकडे नको, एकेक पाऊल पुढे सरकत करा. आधी त्याच तारेवरचा शेजारी, मग मधल्या यंत्राचा जवळचा पाय, मग त्याचाच पलीकडचा पाय, मग पलीकडचं यंत्र. तिसऱ्या पावलापर्यंत उत्तर येतं आणि चौथ्याला थांबतं, तर फॉरवर्डिंग बंद आहे किंवा पलीकडच्याला परतीची वाट ठाऊक नाही. मधल्या यंत्रावर दोन्ही इंटरफेसांवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावा: पॅकेट आत येतं पण बाहेर पडत नाही, तर दोष इथला, बाहेर पडतं आणि उत्तर येत नाही, तर पलीकडचा. सगळं जमल्यावर तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइटांचा पिंग पाठवा. २८ बाइटांची शीर्षकं मिळून तो बरोबर १५०० होतो. वायर्ड भागात तो गेलाच पाहिजे. सिरियलच्या वाटेवर ५४८पर्यंत जायला हवा आणि ५४९ला ‘पॅकेट मोठं आहे’ असा निरोप परत यायला हवा. निरोपाऐवजी शांतता मिळाली तर वाटेत कुठेतरी आयसीएमपी अडवलं जातंय, आणि ते शोधल्याशिवाय यंत्र रॅकमध्ये बंद करू नका.